बायनरी फाइलींतील चिन्हांची छाटणी आणि पॅकेजबांधणीचे संकेत

संगणकावर एखादी आज्ञावली प्रस्थापित करताना तिच्या यंत्रभाषेतील फाइलींमधून, ती चालण्यास अनावश्यक असा मजकूर काढून टाकण्याची प्रथा युनिक्स प्रणालीइतकीच जुनी आहे. बेल प्रयोगशाळेत नोव्हेंबर १९७१ मध्ये युनिक्सची जी पहिली पुस्तिका तयार झाली, तीतच ‘स्ट्रिप’ ह्या आज्ञेची नोंद आढळते. त्या काळी डिस्क लहान होती आणि तिच्यावरील प्रत्येक ठोकळ्याचा हिशेब ठेवावा लागे. तेव्हा फाइलीतील चिन्हांची यादी उतरवून टाकणे हा काटकसरीचा सरळ उपाय होता. आज डिस्कची ती टंचाई राहिलेली नाही. तरीही ही आज्ञा टिकून आहे, एवढेच नव्हे, तर फ्रीबीएसडी, डेबियन, फेडोरा इत्यादी प्रत्येक वितरणाच्या नियमपुस्तिकेत तिच्यासंबंधी स्वतंत्र कलमे आहेत. ह्या कलमांचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु ती वाचू लागल्यास असे दिसून येते की, वादाचा मुद्दा छाटणी करावी की करू नये हा नसून, ती कोणी करावी, कोणत्या क्षणी करावी आणि छाटलेल्या भागाचे पुढे काय व्हावे, हा आहे.

प्रथम फाइलीची घटना ध्यानात घेतली पाहिजे. लिनक्स व बीएसडी कुळातील प्रणालींत चालवावयाच्या फाइली ‘एल्फ’ ह्या रचनेत असतात. ही रचना म्हणजे विभागांची एक मांडणी होय. एका विभागात यंत्राच्या प्रत्यक्ष सूचना असतात, दुसऱ्यात आरंभमूल्ये दिलेली चले असतात, तिसऱ्यात न बदलणारा मजकूर असतो. एवढे भाग आज्ञावली चालू होताना स्मृतीत उतरवले जातात. ह्यांखेरीज फाइलीत असे काही विभाग असतात की ज्यांकडे चालणारी आज्ञावली कधीही वळून पाहत नाही. ‘सिमटॅब’ नावाच्या विभागात प्रत्येक फंक्शनचे व प्रत्येक सार्वत्रिक चलाचे नाव आणि त्याचा पत्ता दिलेला असतो. संकलकाला ‘-जी’ हा पर्याय दिला असल्यास त्याहून पुष्कळ सविस्तर अशी ‘ड्वार्फ’ पद्धतीची माहितीही फाइलीत भरली जाते: कोणती सूचना मूळ संहितेच्या कोणत्या फाइलीतील कितव्या ओळीतून निघाली, कोणते चल त्या क्षणी कोणत्या रजिस्टरात होते, अमुक संरचनेचे घटक कोणते व त्यांचे प्रकार कोणते. ही माहिती प्रत्यक्ष यंत्रसूचनांच्या कित्येक पट जागा व्यापते, आणि सी++ सारख्या भाषेत, जेथे एकाच साच्यातून शेकडो फंक्शने निर्माण होतात, तेथे तर तिचा विस्तार नवख्या अभ्यासकाला चकित करणारा असतो.

येथे एक भेद काळजीपूर्वक करावा लागतो, कारण पुढील बहुतेक नियम त्यावर आधारलेले आहेत. एल्फ फाइलीत चिन्हसारण्या दोन असू शकतात. वर उल्लेखिलेली ‘सिमटॅब’ ही माणसांसाठी आणि दोषशोधकासाठी आहे. दुसरी ‘डिनसिम’ ही गतिमान जोडणी करणाऱ्या लोडरसाठी आहे. एखाद्या सामायिक लायब्ररीतील कोणती फंक्शने बाहेरून हाक मारण्याजोगी आहेत, हे लोडर तिच्यावरून ठरवतो. पहिली काढून टाकली तरी आज्ञावली पूर्ववत चालते. दुसरी काढली तर लायब्ररी निरुपयोगी होईल, म्हणून स्ट्रिप आज्ञा तिला हात लावीत नाही. सामायिक लायब्ररीची छाटणी निर्धोकपणे करता येते ती ह्यामुळेच. स्थिर लायब्ररीची गोष्ट मात्र निराळी. ती म्हणजे अद्याप न जोडलेल्या फाइलींचे गाठोडे. तिच्यात ‘डिनसिम’ नसते, आणि लिंकर आपले काम ‘सिमटॅब’वरूनच करतो. ती सारणी सरसकट काढली की गाठोड्यातील फंक्शने नावाने सापडतच नाहीत, आणि लायब्ररी हा नुसता निर्नाम बाइटांचा संचय उरतो.

ह्या भेदानुसार छाटणीच्या तीन पायऱ्या रूढ झाल्या आहेत. चालवण्याच्या फाइलींतून सर्व चिन्हे काढावीत. सामायिक लायब्ररींतून पुनःस्थापनेला न लागणारी तेवढीच काढावीत. स्थिर लायब्ररींतून केवळ दोषशोधनाची माहिती काढावी. आर्च लिनक्सच्या पॅकेज बांधणाऱ्या साधनाच्या संरूपण-फाइलीत ह्या तीन पायऱ्यांसाठी तीन स्वतंत्र चले ठेवली आहेत, आणि ती वाचणे हा हा भेद समजून घेण्याचा बहुधा सर्वांत सुलभ मार्ग होय.

छाटणीविषयी दोन गैरसमज विद्यार्थ्यांत वारंवार आढळतात. पहिला असा की, छाटलेली आज्ञावली अधिक वेगाने चालते. वस्तुतः हे विभाग स्मृतीत उतरवलेच जात नाहीत. फाइल लहान झाल्याने ती उतरवून घेण्याचा वेळ व डिस्कवरील जागा वाचते, परंतु यंत्रसूचना त्याच राहतात व त्याच क्रमाने चालतात. दुसरा असा की, छाटणीमुळे आज्ञावलीचे अंतरंग गुप्त राहते. बाहेरच्या लायब्ररींना मारलेल्या हाकांची नावे ‘डिनसिम’मध्ये उघडी असतात आणि संदेशांचे शब्दही जसेच्या तसे असतात, ज्याला उकल करावयाची आहे त्याचे श्रम थोडे वाढतात, इतकेच.

खरी किंमत मोजावी लागते ती आज्ञावली कोसळते तेव्हा. प्रणालीने त्या क्षणीच्या स्मृतीची प्रत फाइलीत जतन केलेली असते. दोषशोधकाला ती दिली की हाकांची साखळी दिसावी अशी अपेक्षा असते: अमुक फंक्शनने तमुकाला हाक मारली, त्याने आणखी कोणाला, आणि अमुक ओळीवर रिकाम्या पत्त्याचे वाचन झाले. परंतु फाइल पूर्ण छाटलेली असेल तर पडद्यावर केवळ षोडशमान पत्ते आणि त्यांच्यापुढे प्रश्नचिन्हांच्या जोड्या उमटतात. दोष ज्याच्या यंत्रावर घडला तो तो पुन्हा घडवू शकेलच असे नाही. महिन्यातून एकदा, विशिष्ट भाराखाली घडणारा बिघाड असेल तर ती एकच स्मृतिप्रत हा त्याचा सगळा पुरावा असतो.

मूळ संहिता उपलब्ध आहे, तेव्हा ती ‘-जी’ पर्यायानिशी पुन्हा संकलित करून पत्ते जुळवून घ्यावेत, असा उपाय सहज सुचतो. तो बहुधा फसतो. संकलकाची आवृत्ती किंचित बदलली, एखादी शीर्षफाइल अद्ययावत झाली, इष्टतमीकरणाचा एखादा पर्याय वेगळा पडला, की फंक्शनांची लांबी बदलते आणि त्यापुढील सर्व पत्ते सरकतात. जुळते ती केवळ त्याच बांधणीतून, त्याच क्षणी निघालेली माहिती. म्हणजेच, छाटणीच्या वेळी जे फेकून दिले ते नंतर परत मिळवण्याचा भरवशाचा मार्ग नाही. पुढे वर्णिलेले सर्व संकेत ह्या एका अडचणीभोवती रचले गेले आहेत.

ग्नू प्रकल्पाच्या संहितालेखनविषयक नियमांत ‘इन्स्टॉल-स्ट्रिप’ नावाचे एक लक्ष्य मेकफाइलीत असावे असे सांगितले आहे. नेहमीचे ‘इन्स्टॉल’ लक्ष्य फाइली जशाच्या तशा योग्य स्थळी ठेवते. ‘इन्स्टॉल-स्ट्रिप’ त्या ठेवताना छाटते. ह्या नियमाच्या दोन अटी मननीय आहेत. पहिली अशी की, छाटावयाची ती प्रस्थापित होणारी प्रत. बांधणीच्या निर्देशिकेतील मूळ फाइल अबाधित राहिली पाहिजे. दुसरी अशी की, पॅकेजमध्ये शेल किंवा पर्ल भाषेतील स्क्रिप्टही प्रस्थापित होत असतील तर त्यांना छाटणीतून वगळले पाहिजे, कारण त्या मुळात यंत्रभाषेतील फाइली नव्हेत. ह्याच नियमांत, आज्ञावलीत दोष नाहीत अशी खात्री असल्याखेरीज छाटणीची सामान्यतः शिफारस नाही, असाही अभिप्राय आहे. असे निर्दोष आज्ञावलीचे उदाहरण कोणाच्या पाहण्यात आले असेल हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्याला लागूनच दिलेली सूचना अधिक व्यवहार्य आहे: छाटलेली प्रत वापरासाठी ठेवावी आणि न छाटलेली अन्यत्र राखून ठेवावी. आजच्या सर्व वितरणांनी पुढे जी व्यवस्था उभारली तिचे बीज ह्या एका वाक्यात आहे.

फ्रीबीएसडीच्या ‘पोर्ट्स’ संग्रहातील व्यवस्था अभ्यासाला विशेष सोयीची आहे, कारण तेथील प्रत्येक पॅकेजची बांधणी-फाइल ही साधी मेकफाइलच असते आणि संकेत चलांच्या नावांतूनच स्पष्ट होतात. तेथे फाइल प्रस्थापित करण्यासाठी सरसकट एकच आज्ञा वापरीत नाहीत. ‘इन्स्टॉल_प्रोग्रॅम’ हे चल चालवण्याच्या बायनरी फाइलींसाठी असून ते प्रस्थापना व छाटणी एकदमच करते. ‘इन्स्टॉल_लिब’ सामायिक लायब्ररींसाठी तेच करते. स्थिर लायब्ररींसाठी ते वापरावयाचे नाही, हे नियमपुस्तिकेत मुद्दाम नमूद आहे. ‘इन्स्टॉल_स्क्रिप्ट’ आणि ‘इन्स्टॉल_डेटा’ छाटणी करीत नाहीत. गाभ्यात मागाहून जोडावयाच्या घटकांसाठी ‘इन्स्टॉल_केएलडी’ हे वेगळे चल आहे, कारण काही यंत्ररचनांवर अशा घटकांची छाटणी सोसत नाही. तात्पर्य, फाइलीचा प्रकार ओळखण्याचे काम पॅकेज तयार करणाऱ्याने योग्य चल निवडूनच पार पाडावयाचे असते, आणि त्याने ते नीट केले की छाटणीचा वेगळा विचार करण्याचे कारण उरत नाही.

म्हणूनच तेथील नियमपुस्तिका म्हणते की, गरज पडल्याखेरीज हाताने छाटणी करू नये. मूळ लेखकाची मेकफाइल फाइली स्वतःच नेऊन ठेवत असेल, तर पहिला उपाय म्हणजे प्रस्थापनेचे लक्ष्य ‘इन्स्टॉल-स्ट्रिप’ असे जाहीर करणे; ऑटोमेक वापरणाऱ्या पॅकेजांत एवढ्या एका ओळीने काम भागते, आणि सीमेक वापरणाऱ्यांची सोय संग्रहाच्या चौकटीतच झालेली आहे. तसे लक्ष्य नसेल तर प्रस्थापनेनंतरच्या टप्प्यात ‘स्ट्रिप_सीएमडी’ ह्या चलाच्या साह्याने फाइलीचा पूर्ण मार्ग देऊन छाटणी करावी. २०१३ पासून संग्रहात ‘स्टेजिंग’ची पद्धत आली, तिच्यानुसार फाइली थेट चालू प्रणालीत न जाता एका मध्यवर्ती तात्पुरत्या निर्देशिकेत मांडल्या जातात व तेथून पॅकेज बांधले जाते. साहजिकच छाटणीही त्या निर्देशिकेतच व्हावयाची. मार्गाच्या आरंभी तिचे चल लिहिण्याचे राहून गेले तर आज्ञा यजमान यंत्रावरील आधीच्या प्रतीवर जाऊन आदळते. एखादी फाइल न छाटता राहिली असेल, तर बांधणीनंतरची तपासणी-स्क्रिप्ट तिचे नाव घेऊन इशारा देते आणि वरील दोन्ही उपाय सुचवते. पायथन भाषेसाठी सी मध्ये लिहिलेल्या जोडघटकांच्या बाबतीत हा इशारा नवोदितांच्या वाट्याला हटकून येतो, कारण पायथनची प्रस्थापना-साधने स्वतः होऊन छाटणी करीत नाहीत.

प्रत्यक्ष ‘स्ट्रिप’ असे न लिहिता चल का वापरावे, ह्याचे कारण ‘विथ_डीबग’ ह्या व्यवस्थेत आहे. वापरकर्त्याने हे चल जाहीर केले की दोषशोधनाच्या माहितीसह बांधणी व्हावी आणि एकही एल्फ फाइल छाटली जाऊ नये असा दंडक आहे. ‘इन्स्टॉल_प्रोग्रॅम’, ‘इन्स्टॉल_लिब’ व ‘स्ट्रिप_सीएमडी’ ही चले असतील तर त्यांतील छाटणी आपोआप निष्क्रिय होते. परंतु बांधणी-फाइलीत कोणी थेट आज्ञा लिहिली असेल, किंवा मूळ लेखकाने जोडणीच्या पर्यायांत ‘-एस’ घातला असेल, तर वापरकर्त्याची इच्छा मोडली जाते, आणि तीही निमूटपणे. ‘-एस’ हा पर्याय विशेष घातक, कारण तो लिंकरला चिन्हे लिहूच नयेत असे सांगतो. छाटण्यापूर्वीची फाइल कधी अस्तित्वातच येत नाही. तो पर्याय मेकफाइलीतून काढून टाकावा आणि छाटणी नंतर चलामार्फत करावी, असे नियमपुस्तिकेचे सांगणे आहे.

मूळ लेखक आणि पॅकेज तयार करणारा ह्यांच्या अधिकारांची सीमा येथे उघड होते. आपली आज्ञावली सुटसुटीत दिसावी म्हणून लेखक आपल्या मेकफाइलीत छाटणी घालतो. हेतू चांगला असतो. परंतु ती आज्ञावली कोणत्या यंत्रावर, कोणत्या वितरणात, कोणाच्या हाती पडणार हे त्याला ठाऊक नसते. त्याने न छाटलेली फाइल दिली तर पुढच्याला ती केव्हाही छाटता येते. त्याने छाटलेली दिली तर पुढच्याला ती पुन्हा भरता येत नाही. एवढ्या एका विषमतेवरून हा निर्णय पॅकेज तयार करणाऱ्याच्या हाती असणे इष्ट ठरते, आणि बहुतेक वितरणांचे नियम शेवटी त्याच निष्कर्षाला आले आहेत.

डेबियनच्या धोरणपत्रिकेत दोन विधाने शेजारी शेजारी येतात, आणि ती प्रथमदर्शनी परस्परविरोधी भासतात. बायनरी फाइली दोषशोधनाच्या माहितीसह संकलित कराव्यात, असे एक. प्रस्थापित होणाऱ्या सर्व बायनरी फाइली छाटलेल्या असाव्यात, असे दुसरे. जी माहिती शेवटी काढावयाचीच ती भरावी तरी कशाला? उत्तर असे की, दोन्हींच्या मधल्या क्षणी ती वेगळी काढून ठेवता येते. डेबियनमधील ‘डीएच_स्ट्रिप’ हे साधन प्रत्येक एल्फ फाइलीतून दोषशोधनाचे विभाग स्वतंत्र फाइलीत उतरवते, मग मूळ फाइल छाटते, आणि उतरवलेल्या फाइलींचे निराळे पॅकेज तयार होते. डिसेंबर २०१५ पासून हे पॅकेज आपोआप निर्माण होऊ लागले. तत्पूर्वी ते हवे असल्यास पॅकेज तयार करणाऱ्याला हाताने जाहीर करावे लागे, आणि बहुसंख्य पॅकेजांच्या बाबतीत ते कोणी केलेले नसे. बांधणी करणाऱ्याला छाटणीच नको असेल तर त्याने पर्यावरण-चलात ‘नोस्ट्रिप’ हा शब्द द्यावा. साधनाने छाटणी केली तर हा शब्द मानला जातो. मूळ मेकफाइलीने परस्पर केली तर मानला जात नाही, आणि वेगळे निघालेले पॅकेजही पोकळ ठरते.

हा पेच सोडवण्याची डेबियनची युक्ती मौजेची आहे. फाइली प्रस्थापित करणाऱ्या ग्नूच्या ‘इन्स्टॉल’ आज्ञेला ‘-एस’ दिला की ती छाटणीसाठी दुसऱ्या साधनाला बोलावते, आणि ते साधन कोणते हे सांगण्याचा पर्याय तिच्यात आहे. डेबियनची बांधणी-चौकट मूळ मेकफाइलीला अशी ‘इन्स्टॉल’ आज्ञा पुरवते की जिला छाटणीचे साधन म्हणून ‘ट्रू’ सांगितलेले असते. ‘ट्रू’ म्हणजे काहीही न करता यशस्वी झाल्याचे कळवणारी आज्ञा. मेकफाइल आपल्या समजुतीप्रमाणे छाटणी करते, तिला होकार मिळतो, आणि चिन्हे जागच्या जागी राहतात. अर्थात लेखकाने ‘इन्स्टॉल’ न वापरता थेट ‘स्ट्रिप’ लिहिली असेल किंवा लिंकरला ‘-एस’ दिला असेल, तर ही युक्ती चालत नाही. तेथे मेकफाइलीत दुरुस्तीच करावी लागते.

तीच युक्ती परयंत्रासाठीच्या बांधणीतही उपयोगी पडते. इंटेलच्या यंत्रावर बसून आर्म यंत्रासाठी पॅकेज बांधताना यजमान यंत्रावरील स्ट्रिप आज्ञेला परक्या रचनेची फाइल ओळखता येत नाही, आणि बांधणी तेथेच थांबते. अशा वेळी लक्ष्ययंत्राच्या नावाचा उपसर्ग लावलेली स्ट्रिप वापरावी लागते. मेकफाइलीत नुसते ‘स्ट्रिप’ असे लिहिणाऱ्या लेखकाच्या मनात यजमान आणि लक्ष्य ही यंत्रे एकच असतात, हे गृहीतक बहुधा त्यालाही जाणवलेले नसते.

फेडोरात व आरपीएम वापरणाऱ्या इतर वितरणांत हेच कार्य प्रस्थापनेनंतर आपोआप धावणाऱ्या एका स्क्रिप्टकडे आहे. तिचा एक बारकावा मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. ती चालवण्याची अनुमती असलेल्या फाइलीच तपासते. म्हणून सामायिक लायब्ररीलाही ती अनुमती द्यावी लागते, नाही तर तिची माहिती वेगळी काढली जात नाही. डेबियनचा नियम नेमका उलट: सामायिक लायब्ररीला चालवण्याची अनुमती असू नये, कारण लोडरला तिची गरज नसते. दोन्ही वितरणांसाठी काम करणाऱ्याने एका ठिकाणची सवय दुसऱ्या ठिकाणी नेली की छाटणीत दोष उत्पन्न होतो, आणि त्याचे कारण फाइलीच्या अनुमतीत असेल अशी शंका त्याला सहसा येत नाही.

वेगळी काढलेली माहिती कोणत्या फाइलीची, हे ओळखण्यासाठी पूर्वी मूळ फाइलीत सोबतच्या फाइलीचे नाव व तिची ३२ बिटांची तपासणी-बेरीज लिहून ठेवीत. २००७ मध्ये फेडोराने ‘बिल्ड-आयडी’ची पद्धत आणली. जोडणीच्या वेळी लिंकर फाइलीच्या मजकुरावरून एक ओळख-संख्या काढतो, सामान्यतः १६० बिटांची, आणि ती एका छोट्या टीप-विभागात लिहितो. हा विभाग छाटणीत टिकून राहतो आणि आज्ञावलीबरोबर स्मृतीतही उतरतो, त्यामुळे कोसळलेल्या आज्ञावलीच्या स्मृतिप्रतीवरूनही ती ओळखता येते. षोडशमानात लिहिलेल्या ४० अंकांपैकी पहिल्या दोहोंची निर्देशिका आणि उरलेल्या ३८ अंकांचे फाइलनाम, अशा रीतीने सोबतची फाइल ठरावीक ठिकाणी ठेवलेली असते. एल्फयुटिल्स प्रकल्पाने २०१९ मध्ये ‘डीबगइन्फोडी’ ही सेवा दिल्यापासून तर तीच ओळख पाठवून जाळ्यावरून हवी ती माहिती मागवता येते. पॅकेज आधी उतरवून ठेवण्याचीही आवश्यकता राहिली नाही.

बिल्ड-आयडीचा एक परिणाम अनपेक्षित आहे. ती छाटणीपूर्वीच्या मजकुरावरून निघते, आणि त्या मजकुरात संहितेच्या निर्देशिकेचा मार्गही असतो. समजा, तीच संहिता, तोच संकलक, परंतु दोन बांधणाऱ्यांच्या निर्देशिका भिन्न. छाटणीनंतर मार्ग निघून गेला तरी त्यावरून काढलेली संख्या उरते, आणि दोन्ही फाइली शेवटी त्या एका टीपेत भिन्न निघतात. बाइटशः एकरूप बांधणीचा आग्रह धरणाऱ्यांना म्हणून संकलकाला मार्गाचा आरंभभाग बदलून लिहिण्याचा पर्याय द्यावा लागतो. छाटणीने हा भेद पुसला जाईल ही अपेक्षा फोल ठरते.

आता अपवादांकडे वळता येईल. छाटणीचे साधन एल्फ रचनेनुसार फाइल वाचते आणि तिच्या नकाशात जे आहे तेवढेच पुन्हा लिहिते. नकाशाबाहेर फाइलीच्या शेपटाला कोणी काही चिकटवले असेल तर ते गळून पडते. ओकॅमल भाषेचा बाइटकोड-संकलक ‘कस्टम’ पर्यायाने जी फाइल तयार करतो तिच्यात आरंभी यंत्रभाषेतील दुभाष्या आणि शेवटी खरी आज्ञावली असते. अशा फाइलीवर स्ट्रिप कधीही चालवू नये, असे ओकॅमलच्या पुस्तिकेत स्पष्ट बजावले आहे. छाटल्यावर दुभाष्या शाबूत राहतो आणि आज्ञावली नाहीशी होते. दोष दिसतो तो बांधणीच्या वेळी नव्हे, तर वापरकर्त्याने ती प्रथम चालवल्यावर. आपली पूर्ण स्मृती फाइलीत जतन करून तिलाच आज्ञावली बनवणाऱ्या काही लिस्प प्रणालींच्या बाबतीतही हेच घडते. ह्यासाठी प्रत्येक वितरणात सूट देण्याची सोय आहे: डेबियनमध्ये नावाने वगळण्याचा पर्याय, आर्चमध्ये उद्गारचिन्हापुढे ‘स्ट्रिप’ हा शब्द, जेंटूमध्ये निर्बंधांच्या यादीतील ‘स्ट्रिप’, फ्रीबीएसडीत रिकामे ठेवलेले ‘स्ट्रिप’ हे चल. अशी सूट घेताना बांधणी-फाइलीत शेजारी कारण लिहून ठेवावे. कारण नसलेली सूट पुढच्या संरक्षकाला विसरलेली ओळ वाटते आणि तो ती सद्बुद्धीने काढून टाकतो.

लिनक्स गाभ्याच्या जोडघटकांना स्थिर लायब्ररीचाच न्याय लागू पडतो, कारण गाभा ते स्वतःच जोडून घेतो व त्यासाठी त्याला चिन्हे लागतात. तेथे केवळ दोषशोधनाची माहिती काढता येते. त्यातही क्रमाचे बंधन आहे. घटकावर केलेली अंकीय स्वाक्षरी एल्फच्या नकाशाबाहेर, फाइलीच्या अखेरीस जोडलेली असते. स्वाक्षरीनंतर छाटणी केली तर स्वाक्षरी नष्ट होते. तेव्हा आधी छाटणी, मग स्वाक्षरी. डेबियनच्या बांधणीक्रमात पॅकेजमधील फाइलींच्या तपासणी-बेरजा छाटणीनंतरच काढल्या जातात, त्यामागेही हाच विचार आहे.

एखादी फाइल छाटलेली आहे की नाही हे पाहण्यासाठी ‘फाइल’ ही आज्ञा वापरण्याचा प्रघात आहे. ती उत्तराच्या शेवटी ‘स्ट्रिप्ड’ किंवा ‘नॉट स्ट्रिप्ड’ असे शब्द देते. ह्या उत्तराचा अर्थ जपून घ्यावा लागतो. ते केवळ ‘सिमटॅब’ आहे की नाही एवढ्यावरून दिलेले असते. दोषशोधनाची सर्व माहिती काढली, परंतु चिन्हसारणी मुद्दाम राखली, तरी उत्तर ‘नॉट स्ट्रिप्ड’ असेच येते. डेबियनच्या ग्लिबसी पॅकेजात ‘लिबपीथ्रेड’ ह्या लायब्ररीच्या बाबतीत दीर्घकाळ हेच दिसत असे. धागे ओळखण्यासाठी जीडीबी ज्या साहाय्यक लायब्ररीवर अवलंबून असतो, तिला लिबपीथ्रेडची ‘सिमटॅब’ लागत असे; ती काढली तर अनेक धाग्यांची कोणतीही आज्ञावली जीडीबीमध्ये नीट तपासता येईनाशी होई. म्हणून त्या लायब्ररीला ‘डीएच_स्ट्रिप’मधून वगळून तिच्यातील दोषशोधनाची माहिती तेवढी वेगळ्या आज्ञेने काढली जाई, आणि तसे करण्याचे कारण बांधणी-फाइलीत एका टिपेत लिहून ठेवले होते. ऑगस्ट २०२१ मधील ग्लिबसी २.३४ ह्या आवृत्तीत लिबपीथ्रेडचा आशय मुख्य लायब्ररीत विलीन झाला, तोवर ती टीप वाचणाऱ्या कोणाही संरक्षकाने ती ओळ अनवधान समजून पुसली नाही.